डाव्या कोपऱ्यातली ओल

गुरुवारी सकाळी पावणेअकराला शेडमध्ये जे होतं ते विजयश्रीनं वहीत उतरवलं. ट्रेलर एक, चौदा फूट लांब, मोटारीमागे जोडून न्यायचा, आत दोन माणसांच्या झोपण्याजेवणाची सोय. दार एक. खिडक्या चार, दोन डावीकडे, दोन उजवीकडे. छतावर हवेचं झाकण एक. पत्र्याचे जॉइंट अकरा. बाहेरून दिसणारे स्क्रू दोनशे अठरा. मागे दिवे दोन, नंबरप्लेट एक. पलंगाखालच्या कप्प्यात, मागच्या डाव्या कोपऱ्यात, ताटाएवढी ओल. तिथल्या प्लायला ओलावा मोजायच्या यंत्राचे काटे टेकवले की आकडा एकतीस टक्के. बाकी सगळीकडे अकरा-बारा. शेडबाहेरच्या टाकीत हजार लिटर पाणी. माणसं तीन.

तिघांपैकी एकाची रोजीरोटी त्या ताटाएवढ्या ओलीला टांगलेली होती.

गुरुवार म्हणजे भोसरीतल्या कारखान्यांची सुट्टी. शेजारच्या शेडमधली प्रेस बंद, समोर ग्राइंडरची किरकिर नाही, रस्त्यावर टेम्पो नाहीत. एरवी ओरडून बोलावं लागायचं तिथं आज चप्पल घासल्याचा आवाजही मोठा वाटत होता. आणि गुरुवारी नळाला पाणीही येत नसे. टाकीत होतं तेवढंच.

"पाच वाजता बुद्धरत्न सर येणार," दिग्विजय म्हणाला. शेड त्याची. वडिलांनी तिथं तीस वर्षं टेम्पोच्या बॉड्या बांधल्या, यानं तीन वर्षांपूर्वी ट्रेलर सुरू केले. "दुसऱ्यांदा परत आलीय गाडी. दिवाळीनंतर भंडारदऱ्याला गेले, अवकाळी पाऊस लागला, गादी भिजली. आपण सगळे जॉइंट परत भरून दिले. त्यांनी घरी रावेतला गाडी धुतली, परत ओल. आता ते समोर उभे राहून तासभर पाणी मारून बघणार आहेत." मग त्यानं खंडूकडे पाहिलं. "खंडूभाऊ, मी तुम्हाला अंधारात ठेवत नाही. चाकणच्या एका सीलंटवाल्याशी बोललोय. आज गळलं, तर उद्यापासून तो येईल."

खंडू फडक्यानं हात पुसत राहिला. बावन्न वर्षांचा माणूस, मूळचा लातूरकडचा. बावीस वर्षं बसच्या बॉड्यांच्या फटींत सीलंट, पाणी अडवणारा रबरी लेप, भरण्यात गेलेली. अंगठ्याच्या पेरात राखाडी रेघ कायमची बसली होती, साबणानं जात नसे. दिग्विजय केबिनमध्ये गेल्यावर तो विजयश्रीला म्हणाला, "मॅडम, पन्नाशीनंतर गेटवरचा माणूस आधी केस बगतो, मग हात. मला कोण घेतंय आता?"

"तुमचाच जॉइंट गळतोय हे अजून कुठं ठरलंय, काका?"

"ठरलं न्हाई. पण पाणी दिसलं की बोट सीलंटवाल्याकडंच जातं."

विजयश्रीला इथं सहा महिने झाले होते. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाल्यावर चाकणच्या दोन कंपन्यांनी तिला 'कळवतो' म्हणून सांगितलं आणि कळवलं नाही. दिग्विजयनं तपासणीचं काम दिलं. गाडी तयार झाली की ती टॉर्च घेऊन कोपरान् कोपरा बघायची आणि दोष चेकशीटवर लिहायची. त्यावर तिची सही झाल्याशिवाय गाडी शेडबाहेर पडत नसे.

तिनं आधी पाण्याचा हिशेब मांडला. पंधरा लिटरची बादली पाइपखाली धरली; ती शंभर सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला नऊ लिटर. संध्याकाळच्या तासाभराला पाचशे चाळीस. शोधायला उरले चारशे साठ लिटर, म्हणजे एक्कावन्न मिनिटं.

"एक्कावन्न मिनिटांत सापडलं नाही तर?" दिग्विजयनं दारातून विचारलं.

"तर संध्याकाळी सरांच्या पाण्यानं सापडेल," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला वाटलं, हे बोलायला नको होतं.

तिनं स्पिरिट लेव्हल ट्रेलरच्या फरशीवर ठेवली. बुडबुडा पुढे सरकला. शेडमध्ये ट्रेलर पुढच्या टेकूच्या चाकावर उभा होता, त्यामुळे नाक वर आणि शेपूट खाली. चौदा फुटांत उतार तब्बल चार सेंटिमीटर. रावेतलाही तो असाच उभा असणार.

"म्हणजे पाणी कुठूनही शिरलं तरी मागंच येणार," ती म्हणाली. "ओल कोपऱ्यात आहे म्हणून भोक कोपऱ्यात असेल असं नाही."

"मग धुंडायचं कसं?" खंडूनं विचारलं.

"खालून वर. वर मारलं तर पाणी सगळीकडं ओघळतं, काही कळत नाही. खालचा पट्टा आधी. कोरडा निघाला की वर सरकायचं."

वाण्याकडून आणलेला जिलेबीचा केशरी रंग तिनं बादलीत कालवला. पत्र्यावर पाइपचं पाणी पडत असताना खंडू मगानं हे रंगीत पाणी त्याच जागी सोडणार. आतल्या प्लायवर नुसती ओल दिसून उपयोग नव्हता, ती आधीच होती. केशरी दिसायला हवं होतं.

कप्प्यात ती पोटावर झोपली. टॉर्च तोंडात. आत जुन्या लाकडाचा, गोंदाचा आणि बुरशीचा वास. बाहेर पाणी सुरू झालं, तसा पत्रा तिच्या कानाशी वाजायला लागला.

डाव्या बाजूचा खालचा पट्टा, आठ मिनिटं. थांबून वीस मिनिटं वाट. काही नाही.

मागची भिंत, आठ मिनिटं. वाट. काही नाही.

दिवे आणि नंबरप्लेट, सहा मिनिटं. वाट. काही नाही. एक वाजून गेला होता. तिच्या कोपरांना प्लायची नक्षी उमटली होती. एकशे अठ्ठ्याण्णव लिटर गेलं, आणि सापडलं काय, तर कुठून गळत नाही एवढंच.

"छतावर मार आता," दिग्विजय म्हणाला. "मागचा डावा कोपरा. मला पहिल्यापासून तिथलाच संशय आहे."

"सर, मध्ये खिडक्या राहिल्यात. क्रमानं..."

"क्रम तुझ्याजवळ ठेव. तीन वाजता पाणी संपल्यावर क्रमाचं काय लोणचं घालायचं? छत!"

खंडू शिडी चढला. स्वतःच भरलेल्या जॉइंटवर त्यानं पाणी सोडलं. आतून तो दिसत नव्हता, पण त्याचे पाय शिडीच्या पायरीवर एकसारखे सरकताना ऐकू येत होते, डावा, उजवा, डावा. दहा मिनिटं. मग वीस मिनिटांची वाट. विजयश्रीनं टॉर्चचा झोत कोपऱ्यावरून हलवला नाही. डोळ्यांत पाणी आलं तरी हलवला नाही.

"काय?" दिग्विजय बाहेरून.

"केशरी नाही."

शिडीवरचे पाय थांबले.

"दहा मिनिटांनी काय होतंय?" दिग्विजय म्हणाला. "पाऊस काय दहा मिनिटं पडतो?" पण त्याच्या आवाजातली खात्री थोडी खाली आली होती.

एकोणीस मिनिटांचं पाणी शिल्लक होतं. पलंगाशेजारची डावी खिडकी, ओलीपासून चांगली पाच फूट पुढे. विजयश्रीनं पाइप खिडकीच्या काचेवर धरायला सांगितलं आणि परत कप्प्यात शिरली.

दुसरं मिनिट. चौथं. पाचवं.

सातव्या मिनिटाला आतल्या पॅनेलच्या खालच्या फटीतून एक बारीक केशरी रेघ निघाली. मुंगीसारखी थांबत, सरकत, फरशीच्या कडेकडेनं ती मागे चालली. कोपऱ्यात पोहोचायला तिला पावणेदोन मिनिटं लागली.

"आलं!" ती ओरडली, आणि टॉर्च तोंडातून पडला.

बाहेर येऊन तिनं खिडकीची काच सरकवली. चौकटीच्या खालच्या पन्हळीत, काच जिच्यातून सरकते तिच्यात, पाणी काठोकाठ भरलं होतं. बाहेरच्या बाजूला पन्हळीचा काठ उंच, आतल्या बाजूला जेमतेम आठ मिलिमीटर. पन्हळ भरली की पाणी आतल्या काठावरून भिंतीत उतरत होतं. पण पन्हळ भरतेच कशी? काचेच्या फटीतून थोडं पाणी पन्हळीत येणारच, खिडकी बनवणाऱ्याला ते माहीत असतं. म्हणून तो बाहेर जायला वाट ठेवतो.

ती खाली वाकली. चौकटीच्या बाहेरच्या खालच्या कडेला, ओळीनं, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढे तीन राखाडी ठिपके होते. बोटानं गुळगुळीत केलेले. नीटस काम.

तिनं त्यांवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

दिग्विजयही वाकला होता. त्यानं नखानं एक ठिपका दाबला. "सीलंट. पाणी जायची भोकं बुजवलीत! अरे कुणाचा हात हा?"

खंडूनं पाइप बंद केला. ठिपक्यांकडे बघितलं, मग विजयश्रीकडे, मग परत ठिपक्यांकडे.

"हात माजाच हाय," तो म्हणाला.

"बावीस वर्षं बस भरल्यात ना तुम्ही? खिडकीला भोकं कशाला असतात हे तुम्हाला मी शिकवायचं?"

"बसला बोट जाईल एवढी असत्यात. ही सुईच्या नेढ्यागत."

"म्हणून बुजवायची?"

विजयश्री म्हणाली, "आधी उघडू या. मग बोलू. चारही खिडक्यांना असणार, बारा भोकं आहेत. वेळ जातोय."

बारा. तिच्या तोंडून आकडा आपोआप गेला. उरलेल्या तीन खिडक्यांची खालची कड तिनं आज पाहिलीही नव्हती.

दिग्विजयच्या ते ध्यानात आलं नाही. तो फोन लावत केबिनकडे निघाला होता. "हां भावा, उद्याचं पक्कंच समज बहुतेक..." एवढं ऐकू आलं आणि दार लोटलं गेलं.

खंडूनं सायकलची एक जुनी तार घेऊन तिचं टोक कानशीवर घासलं आणि पहिल्या भोकात सरकवून राखाडी मासा निघावा तसा सीलंटचा तुकडा बाहेर काढला. तो मान वर करत नव्हता. विजयश्री शेजारी उभी होती. ऑगस्टमधली दुपार तिला आता पानासारखी वाचता येत होती. हीच गाडी, हीच खिडकी. खंडू सीलंट भरायची गन घेऊन बसलेला आणि विचारत असलेला, "मॅडम, ही भोकं कंपनीतूनच आल्यात. कशापायी असतील?" आणि ती, नोकरीचा दुसरा महिना, घाईत, वर न बघता: "कागदावर आहे ना, काका? मग भरा."

त्या शेडचा नियम साधा होता. भोक दिसलं की दोष, आणि दोष कागदावर आला की बंद. कागदाशी कुणी वाद घालत नसे.

तिला काहीच करायची गरज नव्हती. कागद केबिनमधल्या तिसऱ्या कप्प्यात होता आणि तो कुणी मागितला नव्हता. खंडूनं सांगितलं असतं तर गोष्ट वेगळी. पण खंडू सांगत नव्हता. दुसरा तुकडा निघाला. तिसरा.

"काका, तुम्ही बोलला का नाही?"

"काय बोलायचं?" त्यानं तार पुसली. "म्या इचारलं हुतं, एकदा. तुमी भरा म्हणाला. मला वाटलं, शिकलेल्या माणसानं लिवलंय, म्हंजी बगूनच लिवलं असंल. दुसऱ्यांदा इचारायला पायजे हुतं, ते न्हाई इचारलं. आता तुमच्या नावानं बोंब मारली तरी सायेब म्हणणार, हात कुणाचा?" मग जरा तिखट होऊन, "आन् तुमाला याद हाय की. मग मला कशाला इचारताय?"

विजयश्री केबिनमध्ये गेली. फाइल काढली, पान शोधलं आणि फोनवर बोलणाऱ्या दिग्विजयसमोर टेबलावर ठेवलं. अक्षर तिचं होतं, वळणदार. 'क्र. १९. चारही खिडक्या, खालची कड, प्रत्येकी ३ बारीक भोकं उघडी. बंद करणे.' खाली दोन सह्या. काम केलं: खंडू. तपासलं: विजयश्री.

"सर, त्यांनी मला विचारलं होतं, कशाची भोकं म्हणून. मी न बघता भरायला सांगितलं."

दिग्विजयनं फोन बंद केला. कागद दोनदा वाचला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. आवाज मात्र चढला नाही, आणि तेच जास्त वाईट होतं.

"सकाळपासून माहीत होतं?"

"नाही. ठिपके दिसले तेव्हा आठवलं. अर्धा तास झाला."

"अर्धा तास." तो खुर्चीत मागे टेकला. "बरं. कागद तुझा, हे मान्य. पाच वाजता सरांना तूच सांगायचं. पण भोकं उघडून गळती थांबते हे अजून कुठं दिसलंय? अजून गळलं तर दुसरी वाट म्हणजे छतच, आणि छतावर हात फक्त खंडूभाऊंचा. तेव्हा मी उद्याच्या माणसाला नाही म्हटलेलं नाही. संध्याकाळच्या तासाभरानंतर बघू."

तिनं मान हलवली. यात चूक काढायला जागा नव्हती.

बारापैकी अकरा भोकं उघडली. बारावं, पलंगाजवळच्या खिडकीचं मागचं, उघडलेलं दिसत होतं पण तांब्याभर पाणी पन्हळीत ओतलं तर तिथून थेंब येईना. खंडूनं तार घातली, ती निम्म्यात अडली. सीलंट आत जाऊन मागे पसरला होता. नेमका तिथंच उतार. सगळं पाणी त्याच भोकाकडे येणार. तो काच काढून पन्हळीच्या आतून बोटानं चाचपू लागला. घामाचा थेंब नाकावरून पन्हळीत पडला.

चार वीसला मोटार दारात थांबली.

"लवकर आलो," बुद्धरत्न सर म्हणाले. एकसष्टीचे, पिंपरीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे बनवण्यात जन्म काढलेले. हात मागे बांधून, मान तिरकी करून ते प्रत्येक वस्तूकडे नकाशा बघितल्यासारखं बघायचे. मागून त्यांच्या पत्नी कस्तुराबाई उतरल्या.

"काय दिग्विजयराव," त्या म्हणाल्या, "आमच्या घराला चाकं लावलीत, आता नळही आतच दिलात म्हणायचं. पाणी भरायची दगदग वाचली!"

"बाई, लाजवू नका."

"लाजून गादी वाळत असेल तर लाजा."

विजयश्री पुढे झाली. तिनं सगळं सांगितलं; भोकं, कागद, कलम एकोणीस, सही. सांगताना तिनं हातातला कागदच पुढे केला. बुद्धरत्न सरांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"भोकं कशासाठी आहेत हे कुणी विचारलं नाही?"

"यांनी विचारलं," तिनं खंडूकडे बोट केलं. "मी उत्तर शोधलं नाही."

सरांनी कागद परत दिला. मग ते मागे गेले, खंडूच्या शेजारी उकिडवे बसले. "आलं?"

"आलं," खंडू म्हणाला. त्याच्या चिमटीत वाटाण्याएवढा राखाडी गोळा होता. विजयश्रीनं पन्हळीत पाणी ओतलं आणि बाराव्या भोकातून धार सुटली, बारीक, पण सरळ.

काच परत बसवेपर्यंत सर आत जाऊन आले. "तुमची फरशी ओली आहे," ते म्हणाले. "आज पाणी मारलंत, उद्याही ओलीच राहील. मग तासाभरात नवं पाणी आलं की नाही, हे कळणार कसं? नजरेनं?"

"वजनानं," विजयश्री म्हणाली. तिनं याचा विचार करून ठेवला होता. रेझिनमध्ये ते घट्ट करणारा हार्डनर मोजून घालायचा छोटा वजनकाटा शेडमध्ये होता, ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा. टिश्यू पेपरच्या दोन घड्या तिनं त्यावर ठेवल्या, तुकडे जोडत-काढत दोन्ही सारख्या केल्या. अठरा पूर्णांक चार ग्रॅम प्रत्येकी. "एक घडी ओल्या कोपऱ्यात, खाली प्लॅस्टिक घालून, म्हणजे जुनी ओल चढणार नाही. भिंतीतून नवं पाणी आलं तर प्लॅस्टिकवरून थेट कागदात येईल. दुसरी पुढच्या कोरड्या कप्प्यात. हवेतला दमटपणा दोन्हींना सारखाच लागेल. कोपऱ्यातली घडी दुसरीपेक्षा जड झाली, तर गळतंय."

"आणि सारखी निघाली तर?"

"तर नाही."

सरांनी आत जाऊन प्लॅस्टिकची कड स्वतः भिंतीला दाबून बसवली, दोन्ही घड्या स्वतः ठेवल्या, दार लावलं आणि किल्ली खिशात टाकली. दिग्विजयचा चेहरा उतरला.

पाच वाजून दोन मिनिटांनी पाणी सुरू झालं. पाइप खंडूनं धरायचा नाही, असं सरांनी सांगितलं, दिग्विजयनंच धरला. छत, मागचा डावा कोपरा, वीस मिनिटं. डावी बाजू, खिडक्यांसकट, पंचवीस. उजवी आणि दार, पंधरा. बारा भोकांतून पाणी गळत होतं, खाली शेडच्या जमिनीवर बारा ओले डाग वाढत होते. कस्तुराबाई खुर्चीत बसून डाग मोजत होत्या. "अहो, सात नंबरचा मंद आहे."

"ते उताराकडचं भोक नाही," विजयश्री म्हणाली. आवाज आपला आहे असं तिला वाटलं नाही.

खंडू लांब, गेटजवळच्या कट्ट्यावर बसला होता. इकडे पाठ करून. सीलंटची गन त्यानं पिशवीत घातली होती; सोबत दोन सुऱ्या, फडकं, पाण्याची बाटली. जायची वेळ आली तर शोधाशोध नको, अशा बेतानं. विजयश्री त्याच्याकडे गेली आणि शेजारी उभी राहिली.

"जावा तिकडं," तो म्हणाला. "हितं काय मोजायचं हाय?"

एकेचाळिसाव्या मिनिटाला टाकीवरच्या पंपाची मोटर खोकली. पाइप दोनदा झटकला, धार तुटली, परत आली. विजयश्री टाकीकडे धावली. तळात दीड वीत पाणी होतं, नळीचं तोंड हवेत आलं होतं. तिनं टाकीखाली वीट सरकवून ती तिरकी केली. धार सलग झाली. किती सेकंद तुटली ते तिनं वहीत लिहिलं: नऊ. शेवटी नऊ सेकंद जास्त मारायला सांगितले.

सहा वाजून दोन मिनिटं, नऊ सेकंद. दिग्विजयनं पाइप खाली टाकला. शेडमध्ये फक्त भोकांतून पडणाऱ्या थेंबांचा आवाज राहिला.

सर वीस मिनिटं थांबले. मग किल्ली काढली. विजयश्रीनं काटा टेबलावर ठेवला, शून्यावर आणला, वाऱ्यानं हलू नये म्हणून पंखा बंद केला. खंडू कट्ट्यावरून उठून आला होता, पिशवी खांद्याला. दिग्विजयचा फोन वाजला. त्यानं न बघता तो कापला.

बुद्धरत्न सरांनी आधी कोरड्या कप्प्यातली घडी ठेवली आणि आकडा मोठ्यानं वाचला. अठरा पूर्णांक सहा ग्रॅम.

मग ओल्या कोपऱ्यातली. अठरा पूर्णांक सहा ग्रॅम.